लातूरचं सागवानी कोर्ट

मी गुडघे टेकून लाकडावर पाण्याचे थेंब टाकत होतो आणि संस्थेचे सचिव साहेब बूट घालून माझ्या शेजारी उभे होते.

"हे सगळं उचलायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"उचलायला नाही साहेब. मी दुरुस्तीसाठी आलोय."

"दुरुस्ती?" ते वाघमारे मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही यांना सांगितलं न्हाई का? पुढच्या बुधवारी टाइलची गाडी येऊन राहिली."

"सांगितलंय सर," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच त्यांना आज बोलावलं."

तो सोमवार होता. म्हणजे माझ्या हातात नऊ दिवस होते, आणि त्यातला पहिला दिवस अर्धा संपला होता.

मी नांदेडला राहतो, मूळ गाव हिमायतनगर. लाकडी फ्लोअरच्या पॉलिशचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली. आमच्या भागात हा धंदा सांगितला की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, लाकडाला वाळवी लागत नाही का? दोन, तुमचं पोट भरतं का? पहिल्याचं उत्तर, काळजी घेतली तर नाही. दुसऱ्यासाठी मी लोकांची दारं आणि डायनिंग टेबलंही पॉलिश करतो.

लातूरच्या एका कॉलेजचा हा बॅडमिंटन हॉल. दोन कोर्टं, खाली सागाच्या अरुंद फळ्या. तीसेक वर्षांपूर्वी बसवलेल्या. साग इस्लापूरकडच्या जंगलातला, असं मॅडम सांगत होत्या. कागद कुणाकडेच नव्हता, पण लाकडाची रेषा आणि वजन बघून मला पटलं. असा साग आता पैसे घेऊन फिरलं तरी मिळत नाही.

वाघमारे मॅडम म्हणजे कॉलेजच्या क्रीडा संचालक. ठाम बाई. याच कोर्टावर त्या विद्यार्थिनी म्हणून खेळल्या होत्या. आता हॉस्टेलच्या तीसेक मुली रोज संध्याकाळी त्यांच्याकडे खेळायला यायच्या. बहुतेक खेड्यातल्या. बाहेर मैदान होतं, पण तिथं संध्याकाळी गावातली पोरं असायची, आणि घरचे लोक मुलींना तिथं पाठवायला तयार नसायचे. बंद दाराची जागा ही एवढीच. दोन महिन्यांपूर्वी कोर्टावर एक मुलगी घसरली, पाय मुरगळला, आणि फाइल सुरू झाली. कोर्ट धोकादायक आहे, लाकूड काढा, टाइल बसवा, बेंच टाका, टेस्ट सिरीजचा हॉल करा. मॅडमनी फाइलवर लिहिलं होतं, 'दुरुस्ती शक्य आहे. जबाबदारी माझी.' खाली सही.

सचिव साहेबांना मी व्हिलन करणार नाही. लातुरात मोकळी जागा दिसली की माणसाच्या डोळ्यासमोर बेंचच येतात. पोरं खरोखर जिन्यात बसून पेपर सोडवत होती.

आता थोडं कामाचं सांगतो. लाकडी फ्लोअरच्या वर पारदर्शक लेप असतो. आम्ही त्याला कोट म्हणतो. खेळाडूंचे बूट लाकूड घासत नाहीत, हा कोट घासतात. तो पातळ झाला की फ्लोअर मळकट दिसतो आणि पाय घसरतो. मग लोक फुल सँडिंग करून घेतात, म्हणजे मोठ्या मशीननं जुना कोट आणि वरचं लाकूड खरवडून कोरं करायचं. चांगला उपाय आहे, पण दर वेळी लाकूड कमी होतं. फळ्या एकमेकींत जिभेसारख्या कडेनं अडकवलेल्या असतात. त्या जिभेच्या वर जेवढं लाकूड, तेवढंच तुमचं भांडवल. मी दाराजवळची लाकडी पट्टी काढून कडेनं मोजलं. दोन मिलिमीटर उरलं होतं. मागं दोनदा सँडिंग झालं होतं आणि दोन्ही वेळा कुणीतरी हात सैल सोडला होता. तिसरं केलं असतं तर खिळ्यांची डोकी वर आली असती. हैदराबादच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं फुल सँडिंगचं कोटेशन दिलेलं होतं. त्यानं ती पट्टी काढलीच नव्हती.

"मग राहिलं काय?" सचिव साहेब म्हणाले.

"रिकोट. लाकडाला हात लावायचा नाही. जुन्या कोटचा फक्त वरचा गुळगुळीतपणा मोडायचा आणि त्यावर नवा कोट द्यायचा."

"जुन्यावर नवं? टिकंल का?"

"साहेब, गावाकडं घर सारवत होते का तुमच्या?"

"हाव. आई सारवायची."

"सारवायच्या आधी जमीन खोदायच्या का?"

"खोदतंय का कुणी? जरा खरडून, पाणी मारून, वरून सारवायचं." ते थांबले. "बरं. पण बुधवारी मला रिझल्ट पाहिजे. न्हाई तर गाडी आतमधी येईल."

रिकोटला तीन अटी असतात. जुना कोट बऱ्यापैकी शिल्लक पाहिजे. जिथं तो गेलाय, तिथलं लाकूड पाण्यानं काळं पडलेलं नको. आणि वर मेण किंवा तेल नको, कारण तेलावर नवा कोट धरत नाही. पाण्याचा थेंब पहिली अट सांगतो, दुसरी डोळ्यांना दिसते. थेंब गोल उभा राहिला तर कोट जिवंत आहे, जिरला तर लाकूड उघडं पडलंय. या फ्लोअरवर बहुतेक ठिकाणी थेंब उभा राहिला. सर्व्हिस लाइनपाशी, नेटच्या पुढं, जिथं पाय जास्त पडतात, तिथं तुकड्यातुकड्यात कोट गेलेला होता. पण लाकूड कुठंच काळं नव्हतं. रोज ओला पोछा मारूनही मधासारखा रंग. मी तर तोंड भरून कौतुक केलं. म्हटलं, "मॅडम, याला म्हणतात साग. दुसरं लाकूड असतं तर एव्हाना कोळसा झाला असता."

दारात हॉलच्या सफाईचं काम करणाऱ्या गयामावशी पोछा घेऊन उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हिरवं लुगडं, पायात काही नाही. त्या खाली बघून हसल्या. माझं लक्ष होतं, पण मी अर्थ लावला नाही.

तिसऱ्या अटीसाठी टेस्ट पॅच करतात. हातभर जागा घासायची, कोट द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर ब्लेडनं चौकटी कापून चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात ओढायची. कोट पट्टीबरोबर आला तर नापास. मी पॅच केला भिंतीजवळ, स्विचबोर्डखाली. का? कारण तिथं काम दिसत नाही आणि चुकलं तर कोर्ट खराब होत नाही. मॅडमना विचारलं, पुसायला काय वापरता? त्या म्हणाल्या पाणी आणि फिनाईल. हैदराबादवाल्याला फोन केला, त्याला काही माहीत नव्हतं. मंगळवारी पट्टी ओढली. कोट जागचा हलला नाही.

"होईल," मी मॅडमना सांगितलं. धंद्यात हा शब्द फार जपून वापरावा. मी वापरला.

मंगळवारी आणि बुधवारी माझा जोडीदार मारोतराव आणि मी सगळ्या फ्लोअरचं बफिंग केलं. फिरत्या मशीनखाली जाळीचा बारीक पॉलिश पेपर लावायचा आणि हलक्या हातानं जुनी चमक घालवायची. कोर्टाच्या मध्यभागी जाळी लवकर भरत होती. भिंतीकडं एक जाळी जेवढी चालायची, तेवढ्यात मध्यभागी दोन लागत होत्या. मारोतराव म्हणाला पण, "हितं काही तरी चिकट हाय." मी म्हटलं पोरींचा घाम असेल, चल. बुधवारी दुपारनंतर पहिल्या कोर्टावर कोट ओढला. ओला असताना दोन-चार ठिकाणी बारीक खड्डे दिसले, माशाच्या डोळ्यासारखे. धूळ असेल म्हणून मी तेही सोडलं. एकोणीस वर्षांच्या माणसानं एका दिवसात दोन खुणांकडं काणाडोळा केला, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

गुरुवारी सकाळी मी नेटच्या पुढं चिकटपट्टी लावून ओढली. दुधावरची साय यावी तसा कोट अख्खा वर आला.

मी दुसरीकडं ओढली. तिथं घट्ट. तिसरीकडं परत साय. चौथीकडं घट्ट. जिथं निघत होता, तिथला आकार प्रत्येक ठिकाणी साधारण सारखा. हातभर लांब, अर्धगोल. मी मारोतरावावर ओरडलो, "कापड कुठलं वापरलं?" तो म्हणाला, "तुमच्याच पिशवीतलं." कोट बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, सरफेस कंटॅमिनेशन असणार." मी म्हटलं, "मला इंग्रजी नको, उपाय सांग." त्यानं फोन ठेवला. मी असतो तर मीही ठेवला असता.

मॅडम आल्या. त्यांनी उकललेला कोट बोटानं उचलून बघितला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "आजचा धरून सहा दिवस उरलेत, कदम. बुधवार धरू नका." आणि लेक्चरला गेल्या.

दुपारी मारोतराव चहाला गेला होता. मी कोर्टावर बसून ब्लेडनं एक तुकडा खरवडत होतो. गयामावशी येऊन जरा लांब उभ्या राहिल्या.

"सर, एक बोलू का? रागाला येऊ नका."

"बोला मावशी."

"ते तेल म्या लावलेलं हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कसलं तेल?"

"जवसाचं. घाण्यावरचं. खंडेनवमीला लावते मी, दर साली. सगळीकडं न्हाई, जिथं जिथं पालिश गेलंय, तिथंच. कापडाचा बोळा करून घासते."

"पण कामून?"

"आता लाकूडच हाय ना ते. लाकडाला तेल न्हाई घातलं तर उलतंय." उलतंय म्हणजे भेगाळतं. "माझ्या बापाची पेरायची तिफण होती. खंडेनवमीला धुऊन, तेल चोळून, हळदीकुंकू लावायचा. पन्नास वर्षं झाली तरी चिरली न्हाई. मला हितं लागून बारा साल झाली. ह्या कोर्टावर माझं घर चालतंय. मग म्या कशाला तेल घालायचं? झाडूला?"

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. ती होऊन बाराच दिवस झाले होते. जवसाचं तेल लाकडात मुरून कडक व्हायला याहून जास्त वेळ घेतं. म्हणजे माझ्या कोटखाली ओलं तेल होतं.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? मग मी तिथंच बसून डोकं चालवलं. उघडं पडलेलं लाकूड, रोज ओला पोछा, बारा वर्षं. काळं पडायलाच हवं होतं. एकही फळी काळी नव्हती, कारण पाणी आत शिरू नये म्हणून दर वर्षी या बाईनं तिथं तेल मुरवलं होतं. कोट धरत नव्हता तो तिच्यामुळं आणि कोट द्यायला लाकूड शिल्लक होतं तेही तिच्यामुळंच. सोमवारी मी साग साग म्हणून जे गोडवे गायले, ते चुकीच्या पत्त्यावर गेले होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मी मॅडमना विचारलं, हैदराबादला विचारलं, कंपनीला विचारलं. जी बाई रोज या फ्लोअरवर वाकते, तिला मी एक शब्द विचारला नव्हता.

"मॅडमना सांगावं लागेल मावशी," मी म्हटलं.

"मी कंत्राटावर हाय सर." त्यांनी पदर नीट केला. "बरं. मग म्याच सांगते."

आणि सरळ मॅडमच्या केबिनकडं गेल्या. मी मागून जाईपर्यंत त्या मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तेल घरून आणायच्या तुम्ही?"

"हाव."

"मला मागायचं ना, मावशी."

"मागितलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणला असता."

मॅडमना हसू आलं. मग माझ्याकडे बघितलं. "कदम, आता सांगा. होतंय की नाही?"

उपाय माहीत होता. तेल लागलेली जागा टर्पेंटाइननं पुसून काढायची, पांढरं कापड स्वच्छ येईपर्यंत. मग त्या जागेवर चपडीच्या पॉलिशचा पातळ हात मारायचा. चपडी म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. त्यातलं मेण काढलेलं असलं की ती खाली तेलकट लाकडालाही धरते आणि वर नव्या कोटलाही. अडचण वेगळीच होती. तेल नेमकं कुठं कुठं आहे? बफिंगनंतर सगळा फ्लोअर सारखाच धूसर दिसत होता. सगळा हॉल धुवायचा तर पाच दिवस त्यातच जाणार.

"सगळं कामून धुता?" गयामावशी म्हणाल्या. "म्या दावते ना."

त्यांनी मॅडमच्या टेबलावरचा खडू उचलला. हॉलमध्ये येऊन कोर्टाच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि फळीफळीनं चालत निघाल्या. मधेच थांबायच्या, पायाच्या अंगठ्यानं फळी चाचपायच्या, वाकून गोल काढायच्या. "ही फळी नेटच्या खांबापासून सातवी. हितं दोन हात. ह्या पलीकडं न्हाई." कधी मागं येऊन एखादा गोल लहान करायच्या. तासाभरात दोन्ही कोर्टं संपली. मी मोजले, एकसष्ट गोल.

मला खरं वाटेना. मी टर्पेंटाइनमध्ये पांढरं कापड बुडवून गोलांच्या आत दहा ठिकाणी पुसलं. दहाही ठिकाणी पिवळं आलं. गोलांच्या बाहेर दहा ठिकाणी पुसलं. नऊ ठिकाणी कापड पांढरंच. दहाव्याला पिवळं.

"मावशी, ही एक राहिली बघा," मी जरा खुशीतच म्हटलं.

त्या आल्या, वाकून बघितलं. "ही माझी न्हाई. गणपतीत पोरींनी हितं समई ठेवली होती. कलंडली."

मी तिथं बासष्टावा गोल काढला. मी मशिनं पाहिलीत, लाकडातला ओलावा मोजणारी मीटरं पाहिलीत, पुण्याच्या इंजिनिअरांचे रंगीत नकाशे पाहिलेत. असा नकाशा पाहिला नव्हता.

शुक्रवार आणि शनिवारची दुपार गोल पुसण्यात गेली. सुटलेला कोट खरवडला, टर्पेंटाइन, कापड, परत कापड, मग रेषेच्या दिशेनं हातानं बारीक पेपर. मावशी माझ्या बरोबरीनं बसल्या. मी सांगितलं, वापरलेलं प्रत्येक कापड पाण्याच्या बादलीत टाका. जवसाच्या तेलाचं कापड चुरगाळून ठेवलं तर आतून तापत जातं आणि आपोआप पेट घेऊ शकतं.

त्यांचा हात थांबला. "आपोआप पेटतंय? म्या तर बोळे कपाटात ठेवते, नेटच्या जाळ्यांखाली."

आम्ही दोघं उठून कपाटाकडे गेलो. यंदाचा बोळा तिथंच होता, कडक झालेला. मी तो बादलीत टाकला.

शनिवारी संध्याकाळी गोलांवर चपडीचा हात मारला आणि टेस्ट पॅच केले. यावेळी भिंतीजवळ नाही. पाच ठिकाणी, सगळे तेलाच्या जागेवर. आणि त्याच संध्याकाळी मारोतराव म्हणाला, "मालक, माझं सोयाबीन कापून पडलंय. आभाळ येऊन राहिलं. मला जावं लागंल." त्याला अडवणं मला पटलं नाही. सोयाबीन भिजलं तर वर्ष जातं. पण कोट ओढायला दोन माणसं लागतात. एकानं द्रव ओतत जायचा, दुसऱ्यानं रुंद पट्टीचा ब्रश एका चालीत ओढत न्यायचा. मधे थांबलं की जोड दिसतो, आणि वाळल्यावर तो जोड कायमचा राहतो. सोयाबीनच्या दिवसात लातुरात हात रिकामा माणूस सापडत नाही.

रविवारी सकाळी पाचही पट्ट्या ओढल्या. पाचही कोऱ्या निघाल्या. मी मॅडमना फोन केला आणि मावशींना म्हटलं, "ब्रश ओढाल का?"

"कसा ओढायचा?"

मी दाखवायला सुरुवात केली. पलीकडच्या कोपऱ्यातून सुरू करायचं, कड ओली ठेवायची, मागं मागं सरकत दाराकडं...

"कळलं," त्या म्हणाल्या. "सारवायचंच हाय की. सारवताना मधी थांबतंय का कुणी? तुम्ही वता."

मी ओतत गेलो आणि त्या मागं मागं येत गेल्या. हात लांब सोडायच्या, आणि पट्टा संपता संपता मनगट असं वळवायच्या की शेवटच्या हाताची रेघ पुढच्या पट्ट्यात मिसळून जायची. ही गोष्ट मी पोरांना शिकवायला वर्ष घालवतो. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर होतं, कोट भराभर वाळत होता, आणि एकदा मीच मागं पडलो. "वता सर, वता, कड सुकायली," असं त्यांनी मला झापलं. दाराशी पोचलो तेव्हा मी घामानं भिजलो होतो. मागं वळून बघितलं. अख्ख्या हॉलमध्ये एक जोड नव्हता. मला खरोखर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण दोन्ही हात चिकट होते.

सोमवारी हलकं बफिंग आणि दुसरा कोट. मंगळवार वाळायला. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, पण धरलंय की नाही ते एका दिवसात कळतं.

बुधवारी दहा वाजता सचिव साहेब आले. गाडी गावात शिरल्याचा फोन त्यांना आलेला होता. मावशी दारात उभ्या होत्या. "साहेब, बूट," त्या म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग फ्लोअरकडं, आणि बूट काढले.

नेटपाशी गेले. पायमोजे घातलेला पाय घासून बघितला. सरकला नाही. "दिसायला तर झ्याक झालंय," ते म्हणाले. "पण मला कळालंय, मधी सगळं निघालं होतं म्हणे."

"निघालं होतं साहेब." मी ब्लेडनं चौकटी कापल्या, चिकटपट्टी दाबून बसवली. "तुम्हीच ओढा."

ते धोतराचा सोगा सावरत खाली बसले. पट्टीचं टोक धरलं. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. साहेबांनी ओढली. पट्टी कोरी.

"परत लावा."

परत लावली. परत कोरी.

"हे तुमच्या सोयीच्या जागी करून राहिलात का? जिथं निघालं होतं, तिथं दाखवा."

"तुम्ही त्याच जागेवर बसलाय साहेब."

त्यांनी खाली हात फिरवला. "निघालं कशानं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "माझ्या डिपार्टमेंटकडून झालं, सर. तेल लागलं होतं."

"न्हाई साहेब," दारातून आवाज आला. "मॅडमचं काही न्हाई. खंडेनवमीला म्या लावते. जवसाचं."

साहेब बसल्या जागी वळले. "तिफणीला लावतात तसं?"

"हाव."

"किती साल?"

"बारा."

साहेबांनी पुन्हा फळीवरून हात फिरवला, यावेळी सावकाश. मग खिशातून फोन काढला. मला वाटलं, गेलं सगळं. "गाडी कुठं आली?" ते फोनवर म्हणाले. "हॉलकडं आणू नका. मेसकडं घ्या. मेसची फरशी फुटलीय, तिथं उतरवा." फोन ठेवून मॅडमना म्हणाले, "कोर्ट राहू द्या. पण माझी पोरं कुठं बसतील ते तुम्ही सांगा."

"वरची माझी स्टोअर रूम रिकामी करून देते, सर. आजच."

"आजच," साहेब म्हणाले, आणि बूट हातात घेऊनच बाहेर गेले.

मॅडमनी मावशींचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर हॉस्टेलच्या मुली रॅकेट घेऊन उभ्या होत्या, त्यांना मी आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. त्या माझ्यावर नाराज झाल्या. त्या नाराजीनं मला फार बरं वाटलं.

मी सामान भरत होतो तेव्हा मावशी आल्या. "सर, आता खंडेनवमीला काय लावू?"

"काही लावायचं नाही मावशी. कोरडा मऊ पोछा, बस."

"कायच न्हाई?" त्यांना ते पटलं नाही. "मग सण हाय हे त्याला कळंल कसं?"

मी म्हटलं, हळदीकुंकू नेटच्या खांबाला लावा, तेल दाराच्या चौकटीला. त्यावर त्या विचार करून बरं म्हणाल्या.

या कामातून मी एक गोष्ट शिकलो. आता कुठल्याही साइटवर गेलो की मीटर काढायच्या आधी, थेंब टाकायच्या आधी साहेबांना विचारतो, फ्लोअर पुसायला कोण असतं, त्यांना बोलवा. बरेचदा साहेबांना नाव सांगता येत नाही. तसं झालं की मी कामाला दोन दिवस जास्तीचे धरतो.